‘कौंडिण्य’ला चौकात उभे करू नका

मा. संपादक,
स. न. वि. वि.

काथ्याच्या दोरीने शिवलेले ‘कौंडिण्य’ हे नौदलाचे शिडाचे जहाज २९ डिसेंबर २०२५ रोजी पोरबंदरहून निघाले आणि जानेवारीच्या मध्यास ओमानमधील मस्कतला सुखरूप पोहोचले, हे वृत्त मी दोनदा वाचले. एकदा घरी एकट्याने आणि एकदा गावच्या पारावर, मोठ्याने. रिसोड तालुक्यातील आमच्या गावात समुद्र पाहिलेली माणसे हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी आहेत. तरीही लोखंडी खिळ्यांवाचून आणि इंजिनावाचून एक जहाज अरबी समुद्र ओलांडून गेले, हे ऐकताना पारावर बराच वेळ कोणी मोबाइल काढला नाही. वाचून संपल्यावर एका ज्येष्ठ गृहस्थांनी निकाल दिला, “आता त्याले एखांद्या चांगल्या म्युझियममधी ठेवाले पाह्यजे, म्हंजे खराब नाही होनार.” सर्वांनी माना डोलावल्या. माझी मान डोलली नाही, आणि ती का डोलली नाही हे त्या वेळी मला नीट सांगता आले नाही, म्हणून हे पत्र लिहीत आहे.

या जहाजाशी आमच्या जिल्ह्याचा काय संबंध, असे कोणी विचारील. ‘कौंडिण्य’चा आराखडा अजिंठ्याच्या दुसऱ्या क्रमांकाच्या लेण्यातील, इसवी सनाच्या पाचव्या शतकातील एका चित्रावरून तयार केला आहे. तीन डोलकाठ्या आणि उंच शिडे असलेले ते जहाज पूर्ण नावाच्या व्यापाऱ्याच्या कथेत येते. अजिंठ्याचा तो बहराचा काळ वाकाटकांचा. त्यांच्यापैकी हरिषेण राजाची राजधानी वत्सगुल्म, म्हणजेच आजचे वाशिम. सोळाव्या क्रमांकाचे लेणे ज्याने कोरवून घेतले, तो वराहदेव या हरिषेणाचाच सचिव होता. जिथून समुद्र दिसणे सोडाच, त्याचा खारा वाराही पोहोचत नाही, अशा डोंगराच्या पोटात कोणा चित्रकाराने शिडांचे जहाज रंगवले. त्याने ते सोपाऱ्याच्या बंदरात पाहिले असेल किंवा व्यापाऱ्यांच्या तोंडून ऐकले असेल, पण ज्या राज्यात ते रंगवले गेले त्याचा कारभार आमच्या तालुक्यापासून एसटीने तासाभराच्या अंतरावरून चालत होता. तेव्हा या विषयावर वाशिम जिल्ह्यातून एखादे पत्र गेले, तर ती अगदीच आगंतुकी ठरू नये.

माझी दुसरी ओळख अशी की मी सुताराचा मुलगा आहे. वडिलांनी आयुष्यभर बंड्या, वखरे, तिफणी केल्या आणि मी नौदलात जाऊन पंधरा वर्षे जहाजांवरील लाकूडकाम आणि डागडुजी केली. त्यातली बहुतेक वर्षे इंजिनाच्या पोलादी जहाजांवर गेली. शिडाच्या जहाजावर, म्हणजे गोव्यात बांधलेल्या आणि १९९७ साली नौदलात दाखल झालेल्या ‘तरंगिणी’वर, मी केवळ काही आठवडे होतो. त्या काही आठवड्यांत जे कळले, ते आधीच्या सगळ्या वर्षांत कळले नव्हते, असे म्हटले तर माझे जुने सोबती हसतील. पण ते खरे आहे.

‘कौंडिण्य’ कसे बांधले आहे, हे आधी थोडक्यात सांगितले पाहिजे, कारण माझा सगळा मुद्दा त्या बांधणीवर उभा आहे. फळ्यांच्या कडांना ओळीने भोके पाडायची, दोन फळ्यांच्या सांध्यावर नारळाच्या शेंड्यांचा पेळू ठेवायचा आणि काथ्याच्या दोरीने तो सांधा गोधडीसारखा घट्ट शिवून घ्यायचा. मग भोके बुजवायची, राळ आणि तेल यांनी सगळे माखायचे. अशा जहाजाचे अंग लाटेबरोबर किंचित लवते. खिळ्यांनी ठोकलेले जहाज जिथे करकरून हट्ट धरते, तिथे शिवलेले जहाज वाट देते. केरळमधील कारागिरांनी, बाबू शंकरन यांच्या हाताखाली, गोव्यात हे काम केले. आयआयटी मद्रासमध्ये त्याच्या पाण्यातील वर्तनाच्या चाचण्या झाल्या. आणि २१ मे २०२५ रोजी कारवारला ते नौदलात दाखल झाले. भिंतीवरच्या सपाट चित्रातून, मापे नसताना, नकाशा नसताना, माणसे पेलणारे जहाज उभे करणे म्हणजे काय, हे ज्याने एखाद्या मोडक्या जुन्या वाड्याचा दरवाजा फोटोवरून पुन्हा घडवला असेल, त्यालाच उमगेल.

परंतु काथ्या म्हणजे पोलाद नव्हे. त्याला वरचेवर तेल पाजावे लागते, ढिले झालेले टाके पुन्हा आवळावे लागतात, कुजलेले कापून नवे घालावे लागतात. खाऱ्या पाण्यात राहून आणि तेल पिऊन तो वर्षानुवर्षे टिकतो. कोरड्या दालनात दिव्यांच्या उजेडाखाली ठेवला की कडक होऊन तुटू लागतो. लाकडाचेही तेच. पाण्यात फुगलेली फळी शेजारच्या फळीला चिकटून बसते आणि सांधा बंद ठेवते. तीच फळी जमिनीवर वाळली की आकसते आणि फटी पडतात. हे मला कोणी नौदलात शिकवायची गरज नव्हती. आमच्या अंगणात लहानपणी बंडीची चाके उन्हाळ्यात नाल्याच्या डोहात बुडवून ठेवलेली मी पाहिली आहेत. चालती बंडी वर्षानुवर्षे टिकत असे, आणि उभी ठेवलेली बंडी एका उन्हाळ्यात खिळखिळी होत असे. पुठ्ठे, म्हणजे चाकाच्या कडेचे लाकडी तुकडे, आकसत, आरे हलू लागत आणि चाकावरची लोखंडी धाव एके दिवशी आपोआप निखळून पडे. आज आमच्या भागातील कित्येक हॉटेलांच्या दाराशी रंग दिलेले बंडीचे चाक शोभेला टेकवलेले दिसते. ते चाक सुरक्षित आहे, यात शंका नाही. पण लाल तापवलेली धाव चाकावर चढवून तिच्यावर पाणी ओतण्याचा नेमका क्षण ओळखणारा माणूस आमच्या पंचक्रोशीत आता एकच उरला आहे, आणि त्याच्याकडून शिकायला कोणी जात नाही, कारण तसे चाक आता कोणाला लागत नाही.

‘कौंडिण्य’ ज्या मस्कतला जाऊन पोहोचले, त्याच मस्कतमध्ये, जहाज शोभेला ठेवले की काय होते याचे उत्तर एका चौकात उभे आहे. १९८० साली टिम सेव्हरिन या आयरिश-ब्रिटिश प्रवाशाने ओमानमध्ये ‘सोहार’ नावाचे असेच शिवलेले जहाज बांधवून घेतले होते. त्याचे लाकूड मलबारच्या किनाऱ्यावरून गेले होते आणि शिवणारे कारागीर लक्षद्वीपहून गेले होते, म्हणजे ते जहाज अर्धे आपलेच होते. ते मस्कतहून निघून चीनमधील कँटनपर्यंत शिडावर गेले. एवढा पराक्रम करून परतल्यावर त्याला अल बुस्तानच्या चौकात, रस्त्याच्या मधोमध, मानाने बसवण्यात आले. त्यानंतर तीस वर्षांनी ओमानने ‘ज्युएल ऑफ मस्कत’ हे आणखी एक शिवलेले जहाज बांधले, २०१० मध्ये ते समुद्रमार्गे सिंगापूरला नेले आणि भेट दिले; तेही तिथल्या संग्रहालयात ठेवले गेले. दोन्ही जहाजांचा सन्मान झाला, दोन्ही जहाजांसाठी गोळा झालेले हात मात्र पांगले. पहिल्यासाठी कारागीर शोधावे लागले, दुसऱ्यासाठी ते पुन्हा जमवावे लागले आणि ‘कौंडिण्य’साठी तिसऱ्यांदा जमवावे लागले. चौथ्या वेळी ते सापडतीलच, याची हमी कोणी देऊ शकेल, असे मला वाटत नाही.

आपल्या देशातील उदाहरण त्याहून कडू आहे. ‘विक्रांत’ ही आपली पहिली विमानवाहू नौका १९९७ मध्ये निवृत्त झाली, काही वर्षे मुंबईत तरंगते संग्रहालय म्हणून लोकांनी ती पाहिली, पुढे धोकादायक झाल्यामुळे २०१२ साली ती लोकांसाठी बंद झाली आणि २०१४ मध्ये भंगारात मोडली गेली. तिच्या पोलादाचा काही अंश एका मोटारसायकलीच्या टाकीत वापरला गेला आणि आमच्या गावात तशा दोन गाड्या अजून धावतात. त्यांच्या मालकांना त्याचा फार अभिमान आहे आणि तो खोटा नाही. परंतु युद्धनौकेची आठवण जपण्याची ही रीत मला तरी जरा विचित्र वाटते. पोलादाच्या एवढ्या प्रचंड नौकेचे जिथे पंधरा-सतरा वर्षांत हे झाले, तिथे काथ्याच्या टाक्यांवर उभ्या असलेल्या जहाजाला संग्रहालयात किती आयुष्य मिळेल?

प्रामाणिकपणे उलट बाजूही मांडली पाहिजे. मुंबईच्या गोदीत वाडिया कारागिरांनी मलबारच्या सागवानाची बांधलेली, १८१७ ची ‘ट्रिंकोमाली’ ही नौका आज इंग्लंडमधील हार्टलपूल येथे संग्रहालय म्हणून उत्तम स्थितीत तरंगते आहे. तिच्या डागडुजीला १९९० पासून दहा-अकरा वर्षे लागली. आलापल्लीच्या सागवानाचा अभिमान बाळगणाऱ्या आम्हा वैदर्भीयांना सागवानाच्या टिकाऊपणाविषयी वेगळे सांगायला नको. पण ती नौका आता प्रवास करत नाही, तिच्यावर कोणी शीड चढवायला शिकत नाही, आणि तसे शिकवण्याचा हेतूही तिच्यामागे नाही. ‘कौंडिण्य’ मात्र मुळात उभे राहण्यासाठी बांधलेलेच नाही. जुने जहाज कसे चालत असे, हे चालवून पाहण्यासाठी ते बांधले गेले. ते थांबले की त्याचे प्रयोजनच थांबते.

मग ते चालते कोण ठेवणार? नौदलाला शेकडो कामे आहेत, आणि एका प्राचीन जहाजाच्या टाक्यांना तेल लावत राहणे हे त्यातले पहिले काम असू शकत नाही. इथेच जगातल्या काही उंच शिडांच्या जहाजांची हकीकत सांगणे मला आवश्यक वाटते, कारण ती जहाजे सरकारांनी नव्हे, तर सुट्टीच्या दिवशी अंगावर जुने कपडे चढवून येणाऱ्या सामान्य माणसांनी चालती ठेवली आहेत.

ऑस्ट्रेलियातील सिडनी येथील ‘जेम्स क्रेग’ हे तीन डोलकाठ्यांचे लोखंडी जहाज १८७४ साली इंग्लंडमधील संडरलँडला बांधले गेले. तेव्हा त्याचे नाव वेगळे होते. मालवाहतूक करताना त्याने दक्षिण अमेरिकेच्या टोकाचे, खलाशांची छाती दडपवणारे केप हॉर्न तेवीस वेळा ओलांडले. पुढे वाफेच्या जहाजांनी धंदा खाल्ला, त्याची शिडे उतरली, त्याचे कोळशाचे तरंगते कोठार झाले, आणि अखेरीस टास्मानियातील रिशेर्श खाडीत ते टाकून देण्यात आले. १९३२ मध्ये त्याच्या मागच्या अंगाला भोक पाडून त्याला उथळ पाण्यात बसवले गेले. चाळीस वर्षे ते तसेच गंजत होते. १९७२ मध्ये सिडनीच्या काही हौशी स्वयंसेवकांनी तिथे जाऊन भोके बुजवली, पाणी उपसले आणि सांगाडा पुन्हा तरंगवला. १९८१ मध्ये तो ओढत सिडनीला आणला गेला. आणि मग सुरू झाले ते काम, ज्याला २००१ पर्यंतचा काळ लागला. गंजलेले पत्रे काढून नवे बसवणे, डोलकाठ्या उभ्या करणे, मैलोगणती दोर ओढणे, शिडे शिवणे. सांगाडा तरंगवल्यापासून जहाज पुन्हा शिडावर समुद्रात जाईपर्यंत जवळजवळ तीन दशके गेली. ज्यांनी पहिल्या दिवशी पाणी उपसले, त्यांच्यातल्या काहींचे केस तोवर पांढरे झाले असतील आणि काही उरलेही नसतील. आज ते जहाज ठरावीक दिवशी तिकीट काढलेल्या प्रवाशांना घेऊन सिडनीच्या बंदराबाहेर जाते. चालवणारे खलाशी बहुतेक स्वयंसेवक असतात आणि तिकिटाचे पैसे पुन्हा जहाजाच्याच अंगाला लागतात. या व्यवस्थेत मला सर्वांत शहाणपणाचे वाटते ते हेच, की जहाज आपला खर्च आपल्या चालण्यातून कमावते.

दुसरे जहाज आपल्या ओळखीचे असायला हवे होते. अमेरिकेतील सॅन डिएगो येथे ‘स्टार ऑफ इंडिया’ नावाचे लोखंडी जहाज आहे. ते १८६३ साली ‘युटर्पी’ या नावाने पाण्यात उतरले आणि त्याच्या पहिल्या दोन सफरी कलकत्त्याच्या होत्या. बंगालचा ताग वाहून नेणे हा तिथल्या व्यापाराचा मोठा भाग होता. त्यातली पहिली सफर टक्कर आणि खलाशांचे बंड यांनी गाजली, तर दुसरीत बंगालच्या उपसागरातील चक्रीवादळाने त्याच्या डोलकाठ्या मोडल्या. १९०६ मध्ये त्याला आजचे नाव मिळाले. १९२७ मध्ये ते सॅन डिएगोला संग्रहालयासाठी आणले गेले आणि तिथे कित्येक वर्षे धक्क्याला बांधून ठेवल्या ठेवल्या सडत राहिले. म्हणजे आमच्या पारावरच्या ज्येष्ठांची सूचना तिथे आधीच अमलात आली होती. त्याला पुन्हा उभे केले ते स्थानिक लोकांच्या रेट्याने, आणि १९७६ मध्ये ते पुन्हा शिडावर निघाले. आजही त्याची निगा आणि त्याच्या शिडांवरचे काम प्रशिक्षित स्वयंसेवक करतात.

इथे एक गैरसमज दूर करायला हवा. ‘स्वयंसेवक जहाज चालवतात’ म्हटले की डोळ्यांपुढे फोटोतले चित्र येते: वारा, उंच डोलकाठी, हसरे चेहरे. प्रत्यक्षात शंभरातील नव्वद तास खरवडण्यात जातात. गंज खरवडा, जुना रंग खरवडा, डांबर लावा, दोर तपासा, झिजलेला कापा, नवा विणा, आणि ते संपेपर्यंत पहिल्या टोकाला पुन्हा गंज धरलेला असतो. ‘तरंगिणी’वर मी पाहिलेली गोष्ट अशी की डेकवर शेकडो दोर असतात, प्रत्येक दोराची जागा ठरलेली असते आणि ती दिवसा डोळ्यांनी शिकली तरी तिचा उपयोग रात्री होतो, जेव्हा पाऊस आडवा येत असतो आणि काहीही दिसत नसते. चुकीचा दोर सोडला तर वर चढलेल्या माणसाच्या जिवावर बेतते. हे ज्ञान कागदावर लिहून ठेवता येते. पण हातात उतरवायचे असेल तर दोर हातात घ्यावाच लागतो, आणि ज्याच्या हातात ते उतरले आहे त्याने शेजारी उभे राहावे लागते. आमच्या घरी वडिलांनी मला रंधा धरायला शिकवला तेव्हा ते एक शब्दही बोलले नव्हते. फक्त माझ्या हातावर त्यांनी हात ठेवला होता.

जहाज चालते ठेवल्याने माणसे कशी तयार होतात, याचे सर्वांत चांगले उदाहरण हवाई बेटांवरचे आहे. ‘होकुलेआ’ ही दोन सांगाड्यांची प्राचीन धाटणीची शिडाची होडी तिथे १९७५ मध्ये पाण्यात उतरली. होडी बांधली गेली, पण तारे, लाटा आणि पक्षी यांवरून उपकरणांवाचून समुद्र ओलांडणारा एकही वाटाड्या हवाईत उरलेला नव्हता. तेव्हा मायक्रोनेशियातील सातावाल या छोट्याशा बेटावरचा माऊ पियाइलुग हा नाविक आणला गेला आणि १९७६ मध्ये त्याने ती होडी ताहितीला नेली. आपली विद्या बाहेरच्यांना शिकवणे त्याच्या समाजात सोपे नव्हते. तरी त्याने पुढे शिकवले. १९८० मध्ये नायनोआ थॉम्पसन या हवाईच्या तरुणाने तीच वाट स्वतः काढली, आणि त्यानंतरच्या पिढीने ती होडी जगाभोवती फिरवून २०१७ मध्ये घरी आणली. प्रत्येक मोठ्या सफरीपूर्वी ती होडी जमिनीवर घेऊन तिचे अंगअंग सोडवले जाते आणि त्या कामाला गावोगावचे स्वयंसेवक येतात. डेन्मार्कमधील रोस्किल्ड येथेही असेच आहे. १०४२ साली डब्लिनजवळ बांधलेल्या एका व्हायकिंग युद्धनौकेची प्रतिकृती तिथल्या संग्रहालयाने केली, साठेक स्वयंसेवकांनी २००७ मध्ये ती डब्लिनपर्यंत आणि पुढच्या वर्षी परत नेली. संग्रहालय आणि चालते जहाज यांचे वैर नाही, हे रोस्किल्डने दाखवले आहे. मूळ नौकेचे अवशेष संग्रहालयात जपलेले आहेत आणि तिची प्रतिकृती पाण्यावर आहे.

आता धोक्याविषयी, कारण तो लपवून मागणी करणे मला शोभणार नाही. २०१२ च्या ऑक्टोबरमध्ये ‘बाउंटी’ हे शिडाचे जहाज सँडी वादळात अमेरिकेच्या किनाऱ्याजवळ बुडाले. सोळा जणांपैकी चौदा वाचले. एक तरुणी मरण पावली आणि कप्तान सापडलाच नाही. चौकशीत ठपका ठेवला गेला तो वादळ समोर दिसत असताना निघण्याच्या कप्तानाच्या निर्णयावर, आणि नवख्या खलाशांना घेऊन दुरुस्तीत उणे असलेले जहाज बाहेर काढण्यावर. हौस ही पात्रता नव्हे, एवढे त्यावरून स्पष्ट होते. म्हणून ‘कौंडिण्य’ समुद्रात नौदलाच्याच हुकमाखाली असावे, याबद्दल माझ्या मनात संदेह नाही. माझी मागणी किनाऱ्यापासून सुरू होते. टाके तपासणे, काथ्या वळणे, तेल आणि राळ लावणे, शिडे शिवणे, वल्ही आणि सुकाणूची वल्ही रंधून सारखी करणे, या कामांना दरवर्षी ठरावीक दिवस नागरिक स्वयंसेवकांना बोलवावे. ज्यांचा हात बसेल, त्यांच्यातल्या मोजक्यांना पुढे बंदरातल्या बंदरात आणि मग किनाऱ्यालगतच्या छोट्या सफरीवर घ्यावे. आणि केरळच्या कारागिरांना या कामाचे शिक्षक म्हणून नेमून मानधन द्यावे. स्वयंसेवकांनी फुकट राबावे हे ठीक, पण ज्याची विद्या आपण घेतो त्याने फुकट द्यावी, ही अपेक्षा मला कधीच पटलेली नाही.

कोणी म्हणेल, स्वयंसेवकांची ही रीत परदेशी आहे, आपल्याकडे चालणार नाही. ज्यांना असे वाटते त्यांनी एकदा शेगावला जावे. संत गजानन महाराज संस्थानात हजारो सेवेकरी आपापली पाळी आली की शेताचे, दुकानाचे, नोकरीचे काम बाजूला ठेवून येतात, पांढरे कपडे घालून भांडी घासतात, रांगा लावतात, फरशा पुसतात, आणि पाळी संपली की प्रसाद घेऊन घरी जातात. तिथे वेतन नाही, पण शिस्त अशी की एखाद्या युद्धनौकेने हेवा करावा. २०१६ च्या उन्हाळ्यात वरूड तालुक्यातील गावांनी पाणी अडवण्यासाठी हातात टिकाव-फावडी घेतली, तेव्हाही कोणी मजुरीचा दर विचारला नव्हता. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांनी ज्या मुलखात श्रमदानाला भजनाइतके महत्त्व दिले, त्या मुलखाला सिडनीकडून श्रमदान शिकण्याची गरज नाही. सिडनीकडून शिकायचे ते इतकेच, की ते जहाजालाही लागू होते.

राहिला शेवटचा आक्षेप, आणि तो माझ्या शेजाऱ्यानेच घेतला. मी हे पत्र लिहितो आहे हे कळल्यावर तो म्हणाला, “भाऊ, सोयाबीनचं काय भाव चालू हाये ते मायीत हाये ना? अन् तुमी जहाजाचं पत्र लिवून राह्यले.” त्याचे म्हणणे रास्त आहे. सोयाबीन आणि कापूस यांच्या भावावर मी याच सदरात पूर्वी लिहिले आहे आणि पुन्हा लिहीन. पण हमीभावाचे पत्र लिहिणाऱ्याने दुसरे पत्र लिहूच नये, असा दंडक कोणी घातलेला नाही. आणि आम्ही समुद्रापासून दूर राहणाऱ्यांनी फक्त दुष्काळावरच बोलावे, ही अपेक्षा मला थोडी अपमानकारक वाटते. ज्या चित्रकाराने लेण्यात जहाज रंगवले, त्याच्याही भोवती दुष्काळ पडतच असतील. शिवाय मी सरकारकडे आमच्या तालुक्यासाठी एक रुपयाही मागत नाही. उलट द्यायला काहीतरी आहे, असे सांगतो आहे.

समुद्राचा मोसम आणि कोरडवाहू शेतीचा मोसम यांचा मेळ चांगला बसतो. पश्चिम किनाऱ्यावर शिडाच्या होड्या पावसाळ्यापूर्वी किनाऱ्यावर ओढून शाकारण्याची जुनी रीत आहे. नारळी पौर्णिमेला त्या पुन्हा समुद्राला लागतात. म्हणजे तपासणीचे आणि तेल लावण्याचे मोठे काम वैशाख-ज्येष्ठात येते. आमच्याकडे तूर आणि हरभरा निघाला की होळीपासून मृगापर्यंत हाताला विशेष काम नसते. विदर्भात सुतार, लोहार, दोर वळणारे यांच्या घरची मुले आहेत, ज्यांचे हात अजून हत्यार धरायला विसरलेले नाहीत. नागपुरात एनसीसीचे नौदल पथक आहे, जिथली मुले-मुली वल्हे आणि शीड यांची तोंडओळख करून घेतात. अशांना किनाऱ्यावर पंधरा दिवस पाठवण्यासाठी रेल्वेचे साधे तिकीट आणि झोपायला एखादी पडवी पुरेल. जेवणाची सोय तर, सेवेकऱ्यांच्या अनुभवावरून सांगतो, तेच करून घेतील.

पत्र लिहून झाल्यावर ते मी पारावर वाचून दाखवले. ज्या गृहस्थांनी संग्रहालयाची सूचना केली होती, ते बंडीच्या चाकांचा परिच्छेद ऐकून काही वेळ गप्प राहिले आणि मग त्यांनी विचारले की काथ्याला लावायचे ते तेल कशाचे असते. माशाचे, असे मी सांगताच माळकरी असल्यामुळे त्यांनी स्वतःचे नाव मागे घेतले. परंतु त्यांच्या दोन नातवांची नावे त्यांनीच दिली आहेत. ती धरून आमच्या गावातून आतापर्यंत सात नावे आली आहेत: तीन सुतार, एक लोहार, अंबाडीचे दोर वळणारे एक वृद्ध, आणि महाविद्यालयात शिकणारे हे दोन नातू. धाव चढवणारे आमचे लोहारकाका त्यांत आहेत. वय सत्तरच्या पुढे, पण हात स्थिर. अर्ज कोणाकडे करायचा, त्याला कोणते कागद जोडायचे आणि पोहता येणे सक्तीचे आहे काय, एवढे नौदलाने किंवा संस्कृती मंत्रालयाने आपल्या दैनिकातून कळवावे. सक्तीचे असल्यास गावच्या धरणात, पाणी आटण्यापूर्वी, शिकून घेता येईल.

आपला नम्र,
एक निवृत्त नौसैनिक
तालुका रिसोड, जिल्हा वाशिम